दिवेकाकांच्या पुलावरचे लांडगे

नळांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरने गुरुवारी दुपारी, चहा यायच्या आधी, पन्नासेक माणसांवर लांडगे सोडले. त्यातलं एक माणूस त्याची बायको होती. हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला पुष्कळच गोष्टी ठाऊक नव्हत्या, पण हुकूम सोडायला काही ठाऊक असावं लागतं असं त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

लांडगे खरे नव्हते. ते एका ऑनलाइन खेळातले होते. या खेळात लोक घरं बांधतात, शेतं करतात, रस्ते काढतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसतात. ते सगळं गाव एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालतं, त्याला सर्व्हर म्हणायचं. हा सर्व्हर उभा केला होता स्टोअरकीपरच्या मेहुण्याने. पुढे मेहुण्याला लांबच्या शहरात रात्रपाळीची नोकरी लागली, तेव्हा जाताना त्याने सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, भाऊजींच्या हातात ठेवली. थोडे दिवस सांभाळा, मग बघू, असं म्हणाला होता. ते थोडे दिवस काही संपले नाहीत आणि गावातली माणसं भाऊजींना 'मालक' म्हणायला लागली.

मालक! कारखान्यात वॉशर मागायला आलेला फिटर त्याच्याकडे न बघताच हात पुढे करायचा. घरात पंखा किती जोरात फिरवायचा हे बायको ठरवायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याने तोंड उघडलं की लोक घड्याळ बघायचे. आणि इथे, या न दिसणाऱ्या गावात, त्याने एक ओळ टाइप केली की माणूस गावाबाहेर. त्या शब्दाची चव ज्याला लागली त्याला ती सोडवत नाही. याला तर ती फारच लागली होती.

न दिसणाऱ्या गावात, हे अगदी शब्दशः घ्यायचं. त्याने तो खेळ कधी उघडून बघितलेलाच नव्हता. खेळणं हे रिकामटेकड्यांचं काम, चालवणं हे आपलं, असं त्याचं म्हणणं. मेहुण्याने त्याला खेळ न उघडता सर्व्हर चालवायचा एक प्रोग्राम दिला होता. एक काळी खिडकी, तिच्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. कोण आलं, कोण गेलं, कुणी भिंत बांधली, कोण विहिरीत पडून मेलं, सगळं ओळीने खाली सरकत जायचं. मेहुण्याने त्या ओळी मराठीत करून दिल्या होत्या. सर्वांत खाली एक रिकामी जागा, तिथे हुकूम लिहायचा. त्या गावात सूर्य कुठल्या डोंगरामागून उगवतो हे त्याला माहीत नव्हतं, पण उगवू द्यायचा की नाही हे त्याच्या हातात होतं.

काळ्या खिडकीचा आणखी एक फायदा होता. ती कामासारखी दिसायची. कारखान्याच्या मॅनेजरला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रंगीत चित्र दिसलं की तो ओरडायचा आणि काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली की पाय न वाजवता निघून जायचा. त्यामुळे स्टोअरकीपर दिवसभर, नळांच्या खोक्यांच्या मध्ये बसून, राज्य करायचा.

राज्य कसं करायचं याच्या त्याच्या कल्पना ठाम होत्या. लोक फार बोलतात, म्हणून त्याने खिडकीतल्या बोलण्याच्या ओळी लपवून टाकल्या होत्या. आपल्याला कामाच्या ओळी दिसल्या म्हणजे झालं. दिवेकाका नावाचा कुणी जुना खेळाडू रस्त्याच्या कडेने दिवे लावत सुटायचा. 'दिवेकाका यांनी दिवा लावला', 'दिवेकाका यांनी दिवा लावला', अशा ओळींनी खिडकी भरून जायची. त्या ओळीही त्याने लपवल्या. स्टोअरकीपरसारखी माणसं जगात ढिगाने आहेत. नकाशावर बोट फिरवून रस्ता आखतात, आणि त्या रस्त्याने चालायची वेळ आली की गाडी मागवतात. त्यांच्याबद्दल बोलायला लागलं तर ही गोष्ट राहील बाजूला.

त्या आठवड्यात मात्र राज्य डळमळलं होतं. मेहुण्याचा फोन आला होता. लोक तक्रार करतात, म्हणाला. मालक बघत काहीच नाहीत, नुसते हाकलतात. एक कॉलेजात शिकवणारी बाई रोज खेळते, तिला सगळं येतं, किल्ली तिच्याकडे द्यावी असं लोकांचं मत आहे. रविवारी ठरवू. फोन ठेवल्यावर स्टोअरकीपरला जेवण गेलं नाही. रविवारच्या आत काहीतरी करून दाखवायला हवं होतं. काय, ते माहीत नव्हतं.

आणि गुरुवारी सर्व्हरने स्वतःच खबर दिली: दिवेकाकांच्या पुलाजवळ जमिनीवर टाकलेल्या वस्तू फार झाल्या आहेत.

वस्तू फार झाल्या की सर्व्हर अडखळतो, एवढं मेहुण्याने शिकवलं होतं. उपायही शिकवला होता, एका ओळीचा. त्याने ती ओळ लिहिली आणि पुलाजवळचं सगळं झाडून टाकलं. क्षणभर शांत. मग परत तीच खबर. त्याने परत झाडलं. परत खबर. आता मात्र त्याने काय टाकताहेत ते बघितलं. 'पिवळं फूल. पिवळं फूल. पांढरं फूल. पिवळं फूल.'

दुसऱ्या कुणाला इथेच शंका आली असती. त्यालाही आली, पण वेगळी. फूल ही सगळ्यांत क्षुल्लक वस्तू, कुठेही मिळते, फुकट मिळते. म्हणजे सर्व्हर तुंबवायचा असेल तर फुलंच टाकायला हवीत. हा घाला होता. त्याचा ऊर भरून आला. घाला परतवलेल्या माणसाच्या हातून किल्ली कोण काढून घेणार?

पुलावर कोण कोण आहे ते त्याने विचारलं. खिडकीत नावांची रांग लागली. झोपाळू, चष्मेवाला, सुईदोरा, मावसबहीण, ढगोबा, दिवेकाका... अख्खं गाव. आणि अख्खं गाव एका जागी उभं. कुणी चालत नव्हतं, कुणी खणत नव्हतं, कुणी विहिरीत पडत नव्हतं. त्याने बोलण्याच्या लपवलेल्या ओळी उघडल्या. कित्येक महिन्यांनी त्याने कान उघडले आणि नेमकं कुणी बोलत नव्हतं.

मेहुणा एकदा म्हणाला होता की काही बदमाश लोक खोटे खेळाडू तयार करून सोडतात. माणूस नसतो, नुसती बाहुली. बाहुल्या येतात, गर्दी करतात, सर्व्हर बंद पाडतात. स्टोअरकीपरने खुर्ची पुढे ओढली. पण घाईने निर्णय घेणाऱ्यातला तो नव्हता, आधी इशारा द्यायला हवा. मालकाला सगळ्यांच्या पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत मजकूर झळकवता येतो. त्याने लिहिलं:

'मेल्यासारखे उभे राहू नका. जे जिवंत असतील त्यांनी हलून दाखवा.'

वाक्य त्याला आवडलं. त्याने ते आणखी एकदा झळकवलं. कुणी हललं नाही.

आता परीक्षा. त्याचं म्हणणं साधं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काढायला जागा नव्हती. अंगावर लांडगा आला तर माणूस पळतो, बाहुली पळत नाही. हुकूम एका ओळीचा होता. त्याने पुलावर लांडगे सोडले आणि वाट बघितली.

'झोपाळू यांना लांडग्याने मारलं.'

'मावसबहीण यांना लांडग्याने मारलं.'

'सुईदोरा यांना लांडग्याने मारलं.'

कुणी पळालं नाही. कुणी काठी उगारली नाही. मेले ते परत आले, पुलावर जाऊन उभे राहिले आणि परत मेले. एवढा पुरावा त्याला पुरेसा होता. तो एकेकाला हाकलायला लागला. नाव लिहायचं, बाहेर काढायचं, पुढचं नाव. बाहेर काढलेले परत यायचे. त्यात तो सुईदोरा कोण होता तो फारच चिवट निघाला. हाकलला की आला, हाकलला की आला.

त्याच वेळी मॅनेजर एका पाहुण्याला घेऊन स्टोअरमध्ये आला. पाहुणा मोठा गिऱ्हाईक होता, कोट घातलेला. मॅनेजर दोन मांडण्यांच्या मध्ये थांबला आणि अभिमानाने म्हणाला की हा आमचा माणूस दिवसभर मान वर करत नाही. मान वर करायची सोयच राहिली नाही. स्टोअरकीपर टाइप करत राहिला.

"सध्या काय काम चाललंय?" मॅनेजरने विचारलं.

"सर, पडून राहिलेला माल बाहेर काढतोय."

"चांगलंय. निघत नाही का?"

"काढला की परत येतो, सर."

पाहुण्याने चष्मा वर सरकवून खिडकीत वाकून बघितलं. "लांडगा?" तो म्हणाला. "हे लांडगा काय आहे?"

"नळ आहे, साहेब," स्टोअरकीपर म्हणाला. "नळाचं मॉडेल."

पाहुण्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने जरा वेळ छताकडे बघितलं आणि मान डोलवली. "जुनं मॉडेल," तो म्हणाला. "गळायचं. बंद केलं आपण."

तेवढ्यात ओळ आली: 'दिवेकाका यांना लांडग्याने मारलं.'

आणि तिच्याखाली, बऱ्याच वेळाने, दिवेकाकांच्या नावाने फक्त मालकाला दिसेल अशी एक ओळ आली. मग दुसरी. लिहिणारा एकेक अक्षर शोधून लिहीत असावा.

'मालक मी यांची बायको लिहिते आहे. हे सोमवारी गेले.'

'सगळी मुलं यांच्यासाठी जमलीत. शांत उभं राहायचं ठरलंय म्हणून कुणी बोलत नाही. मालकांना कसं लिहायचं एवढं मुलांनी शिकवलंय, बाकी मला यातलं काही येत नाही.'

'आता पडद्यावर लाल अक्षरात आलंय की तुम्ही मेला आहात. खाली एक बटण आहे. दाबू का?'

स्टोअरकीपरचे हात थांबले. कानाच्या पाळ्या तापल्या, मग मान, मग पाठ. घाम फुटतो म्हणतात तसा घाम फुटला नाही, नुसतं अंग आक्रसत गेलं. आपण नळाएवढे व्हावं, खोक्यात बसावं आणि वरून कुणीतरी चिकटपट्टी मारावी, असं त्याला वाटलं. कुणाच्या तरी मयताला जाऊन तो ओरडला होता की मेल्यासारखे उभे राहू नका. फुलं झाडली होती, तीही दोनदोनदा. कुत्री नाहीत म्हणून लांडगे सोडले होते. आणि जो माणूस सोमवारी एकदा गेलाच होता त्याला गुरुवारी परत मारला होता, त्याच्या बायकोच्या हातात असताना.

"थांबलास का?" मॅनेजर म्हणाला. "चालू दे तुझं. आम्ही बघतोय."

त्या दोघांच्या देखत काय लिहिणार? त्याने एकच शब्द लिहिला: 'दाबा.' मग लांडगे काढून टाकायचा हुकूम लिहिला आणि खिडकी बंद केली. मॅनेजर पाहुण्याला म्हणाला, बघा, संपवलं एका झटक्यात.

घरी जाताना तो चालत निघाला. बसमध्ये माणसं असतात, आणि त्या दिवशी त्याला माणसं नको होती. अर्ध्या वाटेवर मेहुण्याचा फोन आला. संपलं, त्याला वाटलं. रविवारपर्यंतसुद्धा थांबला नाही हा. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने फोन उचलला आणि डोळे मिटून घेतले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "काय डोकं चालवलंत हो."

डोळे मिटलेलेच राहिले.

मेहुणा सुटलाच. लोकांनी त्याला लिहून पाठवलं होतं. फुलं ठेवली की ती आपोआप नाहीशी व्हायची, जणू कुणीतरी वर घेऊन जातंय. लांडगे आले तेव्हा कुणाला काही कळलं नाही, पण ठरल्याप्रमाणे सगळे उभे राहिले. मग काका पडले, परत उठले आणि ते उठले त्याच क्षणी सगळे लांडगे एकदम नाहीसे. लोक रडले म्हणे. आणि ते लाल अक्षरांतलं वाक्य तर कुणी कुणी लिहून ठेवलंय.

"कुठलं वाक्य?" स्टोअरकीपरने विचारलं, कारण काहीतरी विचारणं भाग होतं.

"जे जिवंत असतील त्यांनी हलून दाखवा. ती कॉलेजातली बाई म्हणाली, फार खोल आहे. सर्व्हर मध्येमध्ये बाहेर टाकत होता तेवढं बघा, गर्दीने असेल. पण किल्लीचं आता बोलायला नको. तीच बाई म्हणाली, किल्ली मालकांकडेच राहू दे."

इथे एखादा सरळ माणूस सरळ बोलला असता. स्टोअरकीपरने घसा साफ केला. समोरून दोन बायका पिशव्या घेऊन जात होत्या, त्या गेल्यावर तो म्हणाला, "हं. जरा सुचलं."

जरा सुचलं! लाज एकदा वाटते ती सोसता येते. पण तिच्यावर शाल पांघरून तिला मिरवायला काढली की ती दुप्पट होते. उरलेली वाट तो भिंतीच्या कडेकडेने चालला.

बायको दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि गुरुवार तिच्या सुट्टीचा. ती बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती, पण पडदा बंद होता. त्याने चपला काढल्या, त्या सरळ लावल्या, परत सरळ लावल्या.

"मला लांडग्याने खाल्लं," ती म्हणाली.

"म्हणजे तूही तिथे..."

"सुईदोरा."

सुईदोऱ्याला त्याने किती वेळा हाकललं होतं ते तिला विचारायची गरज नव्हती, तिच्या तोंडावर होतं. तो म्हणाला की तुझं नाव मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, विचारलंत कधी? तो म्हणाला की काका गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली की सोमवारी जेवताना सांगितलं होतं, काका गेले, गुरुवारी सगळे जमणार आहोत, तेव्हा तुम्ही हं म्हणालात आणि मीठ मागितलंत.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची त्याला वाटभर भीती वाटत होती.

"माझ्या भावाचा फोन आला होता. म्हणतो सगळं तुम्ही ठरवून केलं. फुलं मी समजू शकते. लांडगे कशाला होते?"

स्टोअरकीपरने मेहुण्याची गोष्ट आपली म्हणून सांगायला तोंड उघडलं. म्हणजे लांडगा कसा, की एक प्रकारे, निसर्गाचं... ती नुसती बघत राहिली. दवाखान्यात अपॉइंटमेंट न घेता आलेल्या माणसाकडे ती अशीच बघत असणार. त्याचं वाक्य निसर्गाच्या पुढे जाईना. तो थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला की मला वाटलं बाहुल्या आहेत.

तिने काही आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि म्हणाली की काकू अजून तिथेच उभ्या आहेत. त्यांना चालता येत नाही. काका शेवटचे जिथे उभे होते तिथेच त्यांचा खेळ उघडला, आणि मेल्यावर बटण दाबलं तरी काकांनी आपली उगवायची जागा पुलावरच ठेवलेली असल्यामुळे त्या परत तिथेच उगवल्या. "मालकांना भेटायचंय म्हणतात. आभार मानायचेत."

"मी उद्या लिहितो ना त्यांना. ऑफिसातून. व्यवस्थित."

"त्या खिडकीतून नाही. तिथे जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"मला काय सांगितलंत आत्ता?"

तिने पडदा चालू केला, त्याच्यासाठी मालक या नावाचा खेळाडू उघडला आणि बाजूला झाली. आणि स्टोअरकीपरने आपलं राज्य पहिल्यांदा बघितलं.

तिथे संध्याकाळ होती. सूर्य एका बुटक्या डोंगरामागे चालला होता. समोर रस्ता होता, मातीचा, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना दिवे. रस्ता वळायचा तिथे दिवे वळायचे. चढाच्या जागी ते जरा जवळजवळ होते, म्हणजे नवख्याला खड्डा दिसावा. लांब टेकडीवर दिवे, पलीकडच्या शेताच्या बांधावर दिवे. एवढ्या सगळ्या ओळी त्याने लपवल्या होत्या.

त्याला चालता येत नव्हतं. बटण दाबलं की तो एका घराच्या भिंतीत नाक खुपसून उभा राहायचा. मग मागे फिरायला गेला तर उड्या मारत सुटला. बायकोने हात पुढे केला नाही. रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. त्यांच्या डोक्यावर नावं होती, झोपाळू, चष्मेवाला, ज्यांना त्याने दुपारी लांडग्यांना घातलं होतं. ती बाजूला सरकून त्याला वाट देत होती. चष्मेवाल्याने लिहिलं की मालक स्वतः आले. कुणीतरी त्याच्या पायाशी पिवळं फूल टाकलं. ते त्याला उचलता येईना, तुडवल्याशिवाय पुढेही जाता येईना. तुडवून पुढे गेला.

पुलावर दिवेकाका उभे होते. म्हणजे काकू. निळा सदरा, हातात फावडं, तोंड नदीकडे. तो समोर जाऊन धडकला तेव्हा त्यांना कळलं असावं. बराच वेळ काही आलं नाही. मग ओळ उमटली.

'मालक तुम्ही फुलं वर नेलीत. फार बरं वाटलं.'

त्याने बायकोकडे वळून विचारलं, "फक्त त्यांनाच दिसेल असं इथे कसं लिहायचं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. तिला चांगलं माहीत होतं.

त्याने मागे बघितलं. म्हणजे त्या खेळातल्या मालकाने मागे बघितलं, कठड्याकडे, आकाशाकडे, आणि शेवटी कसंबसं मागे. अख्खं गाव पुलाच्या तोंडाशी जमलं होतं. त्यात ती कॉलेजातली बाईसुद्धा असणार. अजून काही बिघडलेलं नव्हतं. 'आभारी आहे' एवढं लिहिलं असतं तरी किल्ली जन्मभर त्याची होती. त्याने 'आ' लिहिलं. ते खोडलं. मग मान खाली घालून, काकूंच्याच वेगाने, एकेक अक्षर लिहीत गेला.

'काकू मी फुलं वर नेली नाहीत. कचरा समजून झाडली. मला इथलं काही दिसत नाही, कधीच दिसत नव्हतं. तुम्हाला सगळ्यांना मी खोट्या बाहुल्या समजलो म्हणून लांडगे सोडले. काका गेल्याचं घरी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. लोक चांगलं म्हणाले तेव्हा गप्प बसलो. माफ करा.'

पाठवलं. पुलावर कुणी हललं नाही. काळ्या खिडकीत ही शांतता म्हणजे रिकामी जागा दिसली असती. इथे ती उभी होती, चेहऱ्यांसकट, आणि त्याच्याकडे बघत होती. खिशात फोन थरथरायला लागला. मेहुणा असणार, किंवा मेहुण्याला कळवणारी ती बाई. त्याने तो बाहेर काढला नाही.

मग दिवेकाकांचं फावडं वर गेलं आणि त्याच्या डोक्यात बसलं.

पडदा लाल झाला. तो दोन पावलं मागे ढकलला गेला. बऱ्याच वेळाने काकूंची ओळ आली: 'अगं बाई. माफ करा. कुठलं तरी बटण दाबलं गेलं.'

'असू दे,' त्याने लिहिलं आणि परत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

फावडं परत बसलं. या वेळी ओळ आली नाही. मग आणखी एकदा, आणि तो कठड्यावरून नदीत गेला. पाण्यात पडता पडता त्याने पडद्याच्या कोपऱ्यात वाचलं, अख्ख्या गावाने वाचलं: 'मालक यांना दिवेकाका यांनी फावड्याने मारलं.'

तो गावाच्या दुसऱ्या टोकाला उगवला, जिथे नवखे उगवतात. बायको मागे उभी होती, तिच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा असावा. त्याची वळून बघायची हिंमत झाली नाही. त्याने बटण दाबलं आणि दिव्यांच्या मधून, भिंतींना धडकत, परत पुलाच्या रस्त्याला लागला. वाटेत कुणी बाजूला झालं नाही, कुणी फूलही टाकलं नाही. झोपाळूने एवढंच लिहिलं की डावीकडे खड्डा आहे.

पुलावर येऊन तो काकूंच्या समोर उभा राहिला, या वेळी न धडकता. एकेक अक्षर उमटायला लागलं.

'आलात का. बरं झालं. आता मला बटण सापडलंय.'